पंधरा खुर्च्यांचं वाचनघर, दोन वाट्या आणि चार्ल्स हॉही

नाशिकला गंगापूर रोडच्या एका आतल्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, इतिहासाच्या एका निवृत्त प्राध्यापिकेने राहत्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत वाचनघर सुरू केलं आहे. नाव आणि पत्ता देत नाही. मॅडमनीच तशी विनंती केली आहे, कारण खुर्च्या पंधराच आहेत आणि सोळावा माणूस आला तर त्याला परत पाठवणं त्यांच्या जिवावर येतं. मी चौदा महिन्यांपासून सभासद आहे. वर्षाची वर्गणी १,८०० रुपये, अनामत ५००, एका वेळी तीन पुस्तकं. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी साडेपाचला एक बैठक असते. तिचे वेगळे १५० रुपये, त्यात चहा आणि खाणं आलं.

पुस्तकांबद्दल थोडक्यात सांगते. चरित्र, आत्मचरित्र, इतिहास आणि कायदा ही कपाटं भरलेली आहेत, कादंबऱ्या बेताच्या. नवीन पुस्तक मागितलं तर महिन्याभरात येतं. पुस्तकांना खाकी कव्हर घातलेलं असतं आणि आत मागच्या पानावर आधीच्या वाचकांनी पेन्सिलीने दोन-दोन ओळी लिहिलेल्या असतात. ती पानं वाचायला मला पुस्तकाइतकंच आवडतं. ज्यांना कथा-कादंबऱ्याच हव्यात त्यांनी सार्वजनिक वाचनालयात जावं. १८४० पासूनचं आहे ते, तिथे काय नाही!

पण हे लिहायला बसले ते बैठकीसाठी. तिला आम्ही ‘महिन्याचा माणूस’ म्हणतो. सार्वजनिक आयुष्यातला एक माणूस घ्यायचा, शक्यतो आपल्याकडचा नाही, आणि अडीच तास त्याच्यावरच बोलायचं. आपल्याकडचा घेतला की पहिल्या दहा मिनिटांत लोक पक्ष धरून बसतात, असं मॅडमचं म्हणणं. ते खरं आहे. मी आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेतही ते पाहिलंय.

गेल्या महिन्याचा माणूस होता आयर्लंडचा माजी पंतप्रधान चार्ल्स हॉही. आयर्लंड म्हटलं की आपल्याला तिकडचे दुसरे माजी पंतप्रधान, मूळ मालवणजवळच्या वराड गावच्या घरातले लिओ वराडकर आठवतात. एक-दोघं तर बैठक त्यांच्यावरच आहे असं समजून आले होते. एमपीएससीचा अभ्यास करणारा एक मुलगा नेहमी खिडकीजवळ बसतो. त्याने लगेच सांगितलं की आपल्या राज्यघटनेतली मार्गदर्शक तत्त्वं आयर्लंडच्या राज्यघटनेवरून घेतलेली आहेत. मॅडम म्हणाल्या, “बरोबर. पण आज घटना नाही, माणूस.”

पद्धत अशी आहे. आत गेल्यावर स्टेपल केलेलं आठ पानी टिपण हातात मिळतं. टेबलावर दोन पितळी वाट्या असतात, एकीला लाल दोरा, एकीला पांढरा. शेजारी बशीत काळे मनुके आणि पिवळे बेदाणे. अर्धं टिपण वाचून झालं की प्रश्न येतो, प्रत्येकाने एक दाणा टाकायचा. उरलेलं वाचून झालं की तोच प्रश्न पुन्हा येतो, आणि यावेळी दाणा दुसऱ्या वाटीत. बोलणं मधे. त्या दिवशीचा प्रश्न होता : या माणसाला शासकीय इतमामात निरोप द्यायला हवा होता का? काळा मनुका म्हणजे हो, पिवळा बेदाणा म्हणजे नाही.

ज्यांना हॉही माहीत नाही त्यांच्यासाठी टिपणाचा सारांश देते. जन्म १९२५, मेयो परगण्यातलं कॅसलबार. शिक्षणाने हिशेबनीस. (इथे मी सावरून बसले. मी एकतीस वर्षं सीए ऑफिसमध्ये ऑडिट असिस्टंट होते.) शॉन लेमास पुढे आयर्लंडचे पंतप्रधान झाले, त्यांची मुलगी याची बायको. १९५७ साली खासदार, मग न्याय, शेती आणि अर्थ अशी एकामागून एक मंत्रिपदं. १९७० साली उत्तर आयर्लंडसाठी चोरून शस्त्रं आणायच्या कटात हात असल्याच्या संशयावरून पंतप्रधान जॅक लिंच यांनी त्याला मंत्रिमंडळातून काढलं. खटला चालला, त्याच वर्षी तो निर्दोष सुटला. लोकांना वाटलं, संपला. १९७९ च्या डिसेंबरात तोच पंतप्रधान झाला. एकूण तीनदा झाला, आणि पाच निवडणुका लढवून एकदाही पक्षाला पूर्ण बहुमत मिळवून देऊ शकला नाही. १९९२ साली जुन्या फोन टॅपिंगच्या प्रकरणात पायउतार झाला. १३ जून २००६ ला गेला, आणि १६ जूनला त्याला शासकीय इतमामात निरोप दिला गेला.

टिपणाच्या पहिल्या अर्ध्या भागात त्याने काय केलं ते होतं. त्यातल्या दोन गोष्टी माझ्या घरातल्या निघाल्या.

पहिली, अर्थमंत्री असताना १९६७ साली त्याने पेन्शनवाल्या म्हाताऱ्यांना बस आणि रेल्वेचा प्रवास फुकट केला. ती सवलत आजही चालू आहे, तिकडे सहासष्टाव्या वर्षी पास मिळतो. माझी आई एकोणऐंशी वर्षांची आहे. आपल्याकडे ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट झाली, तेव्हापासून आई महिन्यातून दोनदा एकटी सिन्नरला बहिणीकडे जाते. आधी जात नव्हती. तिकिटाचे पैसे नव्हते असं नाही, मी देतच होते. पण मुलीकडून पैसे मागून घ्यायचे आणि बहिणीकडे जायचं, हे तिला नको होतं. आता आधार कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात घालून ब्लाउजला पिन करते आणि निघते. कंडक्टरने शून्य रुपयाचं तिकीट दिलं की ते घरी आणून देवघराच्या खणात ठेवते. त्या तिकिटांची जाडी मी बोटांनी मोजली आहे.

दुसरी गोष्ट जास्त खोल गेली. हॉही न्यायमंत्री असताना त्याने वारसा कायद्याचा मसुदा आणला. १९६५ साली तो कायदा झाला. त्याआधी तिकडे नवरा मृत्युपत्र करून बायकोला सरळ उघड्यावर टाकू शकत होता. या कायद्याने ठरवलं की मृत्युपत्रात काहीही लिहिलेलं असो, मुलं असतील तर जोडीदाराला तिसरा हिस्सा आणि नसतील तर निम्मा मिळणारच.

मी ते वाक्य दोनदा वाचलं. माझी थोरली मावशी निफाड तालुक्यात दिली होती. मूल नव्हतं. काकांनी स्वतःच्या कमाईने घर बांधलं होतं, दोन एकर द्राक्षबाग घेतली होती, आणि मृत्युपत्र करून सगळं पुतण्याच्या नावे केलं. आपल्याकडे स्वकष्टार्जित मालमत्ता माणूस मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकतो, वकिलांनी तेच सांगितलं. मावशी पुढची अकरा वर्षं त्याच घराच्या मागच्या पडवीत राहिली. पुतण्या वाईट नव्हता, जेवायला देत होता. पण द्राक्षं उतरली की ती घड मागून घ्यायची. स्वतः लावलेल्या वेलाचा घड मागून. तीच बाई आयर्लंडमध्ये असती तर अर्धी बाग तिची होती, आणि ती याच माणसाने आणलेल्या मसुद्यामुळे.

हे मी बैठकीत बोलले. आवाज थोडा चढला असेल. मॅडमनी मला पूर्ण बोलू दिलं.

मग ओझरहून येणारे काका बोलले. ते एचएएलमधून निवृत्त झालेत. ते म्हणाले, “डब्लिनच्या गोदीत १९८७ साली आंतरराष्ट्रीय वित्त केंद्र उभं करायचं ठरवलं ते यानेच. कामगार संघटना, मालक आणि सरकार यांना एका टेबलावर बसवून पगारवाढीचा करार केला तोही यानेच, त्याच वर्षी. देश कर्जात बुडालेला होता, पोरं बोटी-विमानं धरून बाहेर चालली होती. पुढे भरभराट झाली तिचा पाया यात आहे की नाही?” एक चित्रकार ताई येतात, त्यांना १९६९ ची सवलत आवडली : लेखक, चित्रकार, शिल्पकार, संगीतकार यांच्या कलेच्या कमाईवर प्राप्तिकर माफ. कुसुमाग्रजांच्या गावात बसून हे वाचताना कुणालाही बरं वाटेल.

पहिली फेरी : नऊ काळे, चार पिवळे. मी काळा टाकला.

मग चहा. खाण्याबद्दल इथेच सांगते. त्या दिवशी साबुदाणा वडा आणि दाण्याची चटणी होती. वडे मॅडमच्या सूनबाई करतात, बाहेरून आणलेले नसतात. बाहेरून खरपूस, आत साबुदाणा मोकळा, हिरवी मिरची जाडसर ठेचलेली. दीडशे रुपयांत दोन वडे, चटणी आणि दोनदा चहा, याला महाग म्हणणाऱ्याने कॉलेज रोडवरच्या कुठल्याही कॅफेत जाऊन बिल बघावं. चहा मात्र फार गोड असतो. मी दोनदा सांगितलं, बदल झाला नाही. मधुमेहवाल्यांसाठी बिनसाखरेचा वेगळा थर्मास ठेवायला हवा, पंधरापैकी निम्म्यांना तोच लागतो.

चहानंतर टिपणाचा दुसरा भाग सुरू झाला आणि खोलीतला आवाज बदलला.

जानेवारी १९८० मध्ये, पंतप्रधान होऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा हॉही दूरदर्शनवर आला आणि त्याने देशाला सांगितलं की आपण सगळे ऐपतीबाहेर जगत आहोत. त्या वेळी त्याच्या स्वतःच्या डोक्यावर एका बँकेचं अकरा लाख पौंडांहून जास्त कर्ज होतं. ते साडेसात लाखांवर मिटवलं गेलं. डब्लिनच्या उत्तरेला किनसीली इथे मोठा जुना वाडा, भोवती शेकडो एकर जमीन, घोडे, आणि पश्चिमेच्या समुद्रात विकत घेतलेलं एक अख्खं बेट. पगार मंत्र्याचा. हे सगळं येतं कुठून, असं पत्रकार वर्षानुवर्षं विचारत होते आणि उत्तर मिळत नव्हतं.

उत्तर मिळालं १९९७ साली. बेन डन या मोठ्या दुकानदाराने त्याला तेरा लाख पौंड दिले होते. हॉहीने आधी नाकारलं, मग चौकशी आयोगापुढे कबूल केलं. मग दुसरा आयोग बसला, मोरिआर्टी आयोग. तो जवळपास दहा वर्षं खणत राहिला. त्याचा अहवाल आला डिसेंबर २००६ मध्ये, म्हणजे शासकीय इतमामातल्या निरोपानंतर सहा महिन्यांनी. १९७९ ते १९९६ या काळात या माणसाने लोकांकडून ९१ लाख पौंड घेतले होते. अहवालाने त्याची तुलना त्याच्या पंतप्रधानपदाच्या १९८८ च्या पगाराशी केली : १७१ पट.

पक्षनेत्याला सरकारकडून एक भत्ता मिळायचा, पक्षाच्या कामासाठी. त्या खात्यावर दोन सह्या लागत. दुसरी सही बर्टी अहर्न यांची, आणि अहर्न कोरे चेक सही करून देत असत. त्या पैशातून पॅरिसच्या शार्वे या दुकानाचे शर्ट आले. हेच अहर्न २००६ साली पंतप्रधान होते आणि कबरीपाशी निरोपाचं भाषण त्यांनीच केलं.

इथे मला बोलावंच लागलं. ऑडिटला लागल्यावर दुसऱ्याच वर्षी एका संस्थेच्या कपाटात मला चेकबुक सापडलं होतं. खजिनदाराची सही शेवटच्या पानापर्यंत, रक्कम आणि नाव कोरं. मी बावीस वर्षांची होते. मला वाटलं, किती विश्वास आहे यांचा एकमेकांवर. आमच्या सरांनी ते चेकबुक माझ्या हातातून घेतलं, टेबलावर उलटं ठेवलं आणि म्हणाले, “दोन सह्या कशाला असतात? एकाने दुसऱ्याला अडवायला. याने आधीच सांगून टाकलंय की मी अडवणार नाही.” त्या संस्थेत पुढे काय निघालं ते इथे सांगत नाही. पण खजिनदार स्वतः एक रुपया न खाता बुडाला.

टिपणातला सगळ्यात वाईट परिच्छेद शेवटच्या पानावर होता. ब्रायन लेनिहन हा हॉहीचा जुना मित्र आणि सहकारी मंत्री. १९८९ साली त्याला यकृत प्रत्यारोपणासाठी अमेरिकेला न्यावं लागलं. हॉहीने त्याच्यासाठी देणग्या गोळा करवल्या. लोकांनी भरभरून दिल्या. आयोगाने निष्कर्ष काढला की त्यातला मोठा हिस्सा लेनिहनच्या उपचारांवर खर्च झालाच नाही, तो हॉहीने स्वतःसाठी वापरला.

खोलीत कुणीच काही बोललं नाही. पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

मग कोपऱ्यातल्या खुर्चीवरून एक मुलगी बोलली. त्या दिवशी पहिल्यांदाच आली होती. सिडकोतली, सहा वर्षं डब्लिनमध्ये नर्स आहे, सुट्टीवर आली होती. ती म्हणाली, “आमच्या नर्सिंग होममध्ये एक आजोबा होते. त्यांच्या उशाच्या ड्रॉवरमध्ये प्रवासाचा पास असायचा. चालता येत नव्हतं, तरी पास जवळ. म्हणायचे, हा चार्लीने दिला. तिकडचे म्हातारे त्याला चार्लीच म्हणतात. आणि शेजारच्याच खोलीत एक आजी होत्या. त्यांच्यापुढे हॉहीचं नाव काढायची सोय नव्हती. १९८७ च्या निवडणुकीत त्याच्या पक्षाचे फलक होते की आरोग्यखर्चातली कपात म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना आणि अपंगांना मारते. निवडून आले आणि यांनीच कपात केली. वॉर्ड बंद झाले. त्या आजी म्हणायच्या, आम्हाला खाट नव्हती, त्याला शर्ट पॅरिसचा.”

ओझरच्या काकांनी विचारलं, “मग लोक म्हणतात काय शेवटी? चांगला की वाईट?”

ती म्हणाली, “काका, जेवणाच्या टेबलावर दोघं समोरासमोर बसायचे. कधी एकमत झालं नाही. अंत्ययात्रेला रस्त्यावर गर्दी होईल असं सगळ्यांना वाटलं होतं, तेवढी झाली नाही, असं तिकडचे लोक अजून सांगतात. एक म्हणतो लोक विसरले, दुसरा म्हणतो लोकांनी न जाऊन मत दिलं.”

यानंतर द्राक्षबागायतदार दादा बोलले. ते पिंपळगावचे आहेत. मॅडमनी १९६६ सालचं एक प्रकरण टिपणात घेतलंच नव्हतं. नर्स मुलीने ते ओझरतं सांगितलं, आणि दादांनी तिला सगळं विचारून घेतलं. हॉही शेतीमंत्री असताना शेतकरी बँट्रीहून डब्लिनपर्यंत साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास चालत आले. मंत्र्याने भेट नाकारली. त्यांचे नेते त्याच्या कार्यालयाच्या पायऱ्यांवर तीन आठवडे बसून राहिले. दादा म्हणाले, “मार्च २०१८ मध्ये आपल्या सीबीएस बसस्थानकापासून मोर्चा निघाला, सुरगाण्या-पेठेकडची माणसं, पायाला फोड आलेली. एकशे ऐंशी किलोमीटर. मुंबईत दहावीच्या पोरांच्या परीक्षेला त्रास नको म्हणून रात्री चालली. त्यांना सरकारने निदान भेटून लेखी तरी दिलं. हा तर दारसुद्धा उघडत नाही! आणि याला राष्ट्रध्वजात गुंडाळायचं?”

मॅडमनी इथे त्यांना वेळेचं कारण देऊन थांबवलं. हे मला पटलं नाही, आणि मी त्यांना नंतर तसं सांगितलंही. शेतकऱ्याचा मुद्दा टिपणात नसणं ही चूक होती. ती भरून काढणारा माणूस बोलत असताना घड्याळ बघायला नको होतं. त्यांनी ऐकून घेतलं. टिपणात नवव्या पानाची भर घालून सगळ्यांना पाठवतो म्हणाल्या, आणि चार दिवसांत ते व्हॉट्सअॅपवर आलं.

शेवटच्या वीस मिनिटांत वाद रंगला आणि तो ओळखीच्याच वाटेने गेला. एक जण म्हणाले, “खाल्लं असेल, पण काम तर केलं ना? आपल्याकडे खातात आणि कामही करत नाहीत.” हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आले आहे. माझ्या वडिलांचे निवृत्तीचे पैसे एका पतसंस्थेत अडकले. तिच्या चेअरमनबद्दलही गावात हेच बोललं जायचं. त्याने देवळाला घंटा दिली, रुग्णवाहिका दिली, चाळीस पोरांना चिकटवलं. संस्थेला टाळं लागल्यावर वडील नऊ महिने दर सोमवारी जाऊन त्या शटरसमोर उभे राहायचे. शेजारी उभा असलेला माणूस त्यांना सांगायचा, “काही म्हणा अण्णा, माणूस देवमाणूस होता, माझ्या पोराला त्यानेच लावलं.” वडील त्याच्याशी कधी भांडले नाहीत. घरी येऊन फक्त पासबुक परत कपाटात ठेवायचे.

म्हणून मी बैठकीत जे म्हणाले ते इथेही लिहिते. खतावणीत जमा जमेकडे राहते आणि नावे नावेकडे. एकाचं येणं दुसऱ्याच्या देण्यात वळतं करून खाली एकच आकडा दाखवायचा, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून मना केलेलं असतं, कारण वळतं केलं की दोन्ही बाजूंची माणसं दिसेनाशी होतात. मावशीसारख्या बायकांना त्या कायद्याने हिस्सा दिला, ती नोंद कुणाला खोडता येणार नाही. लेनिहनच्या यकृतासाठी ज्यांनी पाकीट उघडलं त्यांचे पैसे गेले. पहिली नोंद मोठी आहे म्हणून ते परत येत नाहीत. बसचा पास त्याने स्वतःच्या खिशातून दिला नव्हता, तो लोकांच्या करातून दिला. शर्ट मात्र लोकांच्या पैशातून स्वतःसाठी घेतले. या दोन्ही ओळी एकाच माणसाच्या खात्यावर आहेत. बेरीज करून ‘चांगला’ किंवा ‘वाईट’ असा शिक्का मारा म्हणणाऱ्याला मी सही देणार नाही.

एमपीएससीच्या मुलाने नेमका प्रश्न विचारला : “मग ताई, दाणा कुठला टाकणार? तिथे दोनच आहेत.” बरोबर विचारलं. माझं उत्तर असं होतं की आजचा प्रश्न माणूस कसा होता हा नाही, निरोप कुणाच्या नावाने द्यायचा हा आहे. शासकीय इतमाम म्हणजे सगळ्या देशाच्या नावाने केलेली सही. त्यात खाट न मिळालेली आजीही आली. आयोगाचं काम चालू असताना, अहवाल यायचा असताना, अशी सही करणं म्हणजे कोऱ्या चेकवर सही करणं. त्याच्यावर न्यायालयात गुन्हा कधी शाबित झाला नाही, हे खरं आहे. आयोगाला अडथळा आणल्याचा खटला उभा राहिला होता, तो पुढे बेमुदत लांबला आणि चाललाच नाही. पण २००३ साली त्याने करखात्याशी पन्नास लाख युरोंवर तडजोड केली आणि वाडा-जमीन साडेचार कोटी युरोंना विकली. एवढं २००६ च्या जूनमध्ये सगळ्यांना माहीत होतं.

दुसरी फेरी : पाच काळे, आठ पिवळे. मी पिवळा टाकला. नर्स मुलीने काळा टाकला. मी तिच्याकडे बघितलं तर म्हणाली, “त्या आजोबांच्या वतीने. ते आता नाहीत.”

बैठकीच्या उणिवा सांगायच्या राहिल्या. जिना अरुंद आहे, लिफ्ट नाही, आणि पहिल्या वळणावरचा दिवा दोन महिने बंद होता. प्लास्टिकच्या सहा खुर्च्यांना पाठ नीट नाही. अडीच तास बसायचं तर पाठीच्या लाकडी नऊ खुर्च्यांपैकी एक पकडायला सव्वापाचलाच पोचावं. टिपणाच्या झेरॉक्समध्ये पान पाच फिकट आलं होतं, आकडेच वाचता येत नव्हते. पैशांवर चर्चा असताना हे चालत नाही. पौंडांचे आकडे होते, पण त्या काळात तिकडे घर केवढ्याला मिळायचं, पगार किती असायचा, असं तुलनेला एखादं वाक्य हवं होतं. दुचाकी लावायला जागा आहे, चारचाकी आणू नका.

आणि तरीही मी वर्गणी पुन्हा भरली आहे. दीडशे रुपयांत मला त्या संध्याकाळी असा एक कायदा कळला जो एकतीस वर्षांच्या नोकरीत कुणी सांगितला नव्हता, आणि मावशीबद्दल मी पहिल्यांदा चार अनोळखी माणसांसमोर बोलले.

रात्री घरी आले तर आई जागी होती. कोणावर होतं आज, तिने विचारलं. मी म्हटलं, “आयर्लंडचा पंतप्रधान. तिकडे म्हाताऱ्यांना बस फुकट केली त्याने, आपल्या पंचावन्न वर्षं आधी.” आई म्हणाली, “भला माणूस.” मग मी तिला मित्राच्या ऑपरेशनच्या पैशांचं सांगितलं. ती उठून बसली. “त्या मित्राला कळलं होतं का गं?”

मी म्हटलं, “नाही. तो १९९५ सालीच गेला. हे सगळं त्याच्यानंतर बाहेर आलं.”

आईने बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग म्हणाली, “पुढच्या वेळी मला घेऊन जा. मला विचारायचंय त्या पोरीला, त्या आजोबांचं.” पोरगी तोवर डब्लिनला परत गेलेली असेल हे मी सांगितलं. तरी येते म्हणाली.

मॅडमना फोन करून पुढच्या दुसऱ्या शनिवारसाठी पाठीची एक लाकडी खुर्ची सांगून ठेवली आहे, आणि जिन्यातला दिवा तेवढ्यात लावून घ्या असंही. त्यांनी दुसऱ्या दिवशी माणूस बोलावून लावून घेतला.